बदकाची पांढरी रेघ

"हात काढ आधी. सुई बोटातून गेली ना, तर तो एक टाका असा बसेल की जन्मात सुटायचा नाही."

"आत्या, माझी गिऱ्हाइकं दारात येऊन बसलीत गं. कधी देणार मशीन?"

"देते की. मी काय तुझं मशीन उशाला घेऊन झोपणार आहे?"

"मागच्या मिस्तरीने तर सगळं नीट जुळवलं होतं म्हणे. तरी टाके सुटतातच."

"हे बघ. या दांड्यावर ओरखडा दिसतो? तुझ्या मिस्तरीने हुक काढताना खूण करून ठेवली आणि परत बसवताना त्याच खुणेवर बसवला. मोठा शहाणा माणूस. हुक आधीच चुकीच्या जागी होता, त्याने तो चुकीच्या जागी अगदी नेमका बसवला."

शिंपीणबाईला हसू आलं, पण दारातली गिऱ्हाइकं आठवून तिने ते गिळलं.

आत्याच्या तोंडात तेव्हा तीन स्क्रू होते. ते नेहमीच असायचे. स्क्रू ओठांत धरूनच ती बोलायची, भांडायची, हसायचीसुद्धा. नवीन माणसाला वाटायचं, ही बाई आता आपल्यावर थुंकणार. शरीराने बुटकी, खांद्याने रुंद, आणि अंगातल्या कपड्यांवर बापाचा जुना अर्ध्या बाह्यांचा शर्ट चढवलेला. शर्टाच्या खिशात पेचकस, कंगवा आणि लवंगा. तिच्या भावाच्या पोरांची ती आत्या, म्हणून साऱ्या गल्लीची आत्या. लग्न झालं नाही. तरुणपणी दोनतीन पाहुणे येऊन गेले, पण चहाचा कप पुढे करणाऱ्या बोटांच्या नखांत ग्रीस बघून त्यांनी चहा तेवढा पिऊन घेतला. तिला त्याचं काही वाटलं नाही. त्यातल्या एकाच्या आईचं मशीन पुढे तिच्याकडेच दुरुस्तीला यायचं.

पुढच्या खोलीत तिचं दुकान. भिंतीच्या फळ्यांवर शिलाई मशीनची डोकी ओळीने मांडलेली, धडं खाली कोपऱ्यात. मागच्या दाराने बाहेर पडलं की छोटं अंगण, आणि अंगणापलीकडे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये बदक उभं असायचं.

बदक म्हणजे गाडी. काळी, पोटाशी फुगीर, पुढे दोन वाटोळे दिवे. रबरी फुगा दाबला की हॉर्न प्याँक करायचा, आणि वळणावर गाडी ढुंगण हलवत जायची, म्हणून बदक. आत्याचे वडील, ज्यांना सारं गाव अण्णा म्हणायचं, त्यांनी ती भंगारातून उचलली, उभी केली आणि उभी हयात टेकडीवर भाड्याने चालवली. टेकडीच्या माथ्यावर दवाखाना आणि पाण्याची टाकी. गावातली निम्मी माणसं जन्मायला बदकात बसून वर गेलेली. काही तर वर पोचायच्या आधीच जन्मलेली, मागच्या सीटवर.

आत्या शिंपीणबाईला हुकाची गोष्ट समजावत होती तेवढ्यात मागच्या दाराने दोघं आत आले. पुढे तिचा थोरला भाऊ, दादा. मागे उस्ताद, नाक्यावरचा गॅरेजवाला, हात पुसत पुसत.

"मी हात टेकले," उस्ताद म्हणाला. "तिसऱ्यांदा ठिणगीचं टायमिंग लावलं. सुरू होते, हलत-डुलत चालते, पण चढ आला की दम लागतो. पाणी उकळतं. सायलेन्सरचा गळा बघ जाऊन, लालबुंद. इंजिन म्हातारं झालंय, आत्या. वय झालं की माणूसही जिन्यावर बसतोच ना."

"तू बसतोस, तुझं पोट बघ," आत्या म्हणाली. "टायमिंग कशावर लावलंस?"

"कशावर म्हणजे? अण्णांच्या रेघेवर. पुलीवरची पांढरी रेघ खुंटीसमोर आणली आणि तिथे ठिणगी पाडली. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मध्ये एकदा कानाला बरं वाटलं म्हणून जरा पुढे घेऊन बघितलं होतं. गाडी हसलीसुद्धा. पण अण्णांची रेघ सोडून मी माझ्या कानाचं ऐकू? परत रेघेवर आणून ठेवलं."

दादा खाकरला. दादा पाट्या रंगवायचा. गावातल्या दुकानांच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर असं की वाचणाऱ्याने आधी टोपी काढावी. वाकडी रेघ त्याला सोसत नसे. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय खाली बसायचा नाही, आणि जेवताना चमचा ताटाला समांतर हवा.

"हॉटेलवाला आला होता," दादा म्हणाला. "सोमवारी ट्रक पाठवतोय."

आत्याने तोंडातले स्क्रू हातावर काढले. हे वाईट लक्षण होतं. "कशाला?"

"बदक न्यायला. हॉटेलच्या दाराशी ठेवणार. शोभेला. आणि हॉटेलच्या सगळ्या पाट्या मलाच देणार म्हणालाय, आतल्या, बाहेरच्या, खोल्यांच्या आकड्यांसकट."

"आणि इंजिन?"

दादा खिडकीची चौकट बघायला लागला. उस्तादानेच सांगून टाकलं. "इंजिन काढून टाकणार. तिथे माती भरून फुलझाडं लावणार म्हणे. बॉनेट उघडं ठेवून."

"फुलझाडं!" आत्या अशी ओरडली की शिंपीणबाईने मशीनवरचे हात आपोआप काढले. "अण्णांच्या गाडीच्या छातीत झेंडू?"

"मग काय करू?" दादाचाही आवाज चढला. "शेडमध्ये सडवत ठेवू? मला काय ती नकोशी झालीय? अण्णा गेल्यावर ते सगळं इंजिन मी माझ्या हाताने घासलं, रंगवलं. तू बघितलंस. आरशासारखं केलं. पण चालतच नाही तर काय करायचं? मागच्या वेळी अर्ध्या चढावर अडकलो, सलूनसमोरच्या बाकावरचे रिकामटेकडे धक्का द्यायला आले. धक्का देताना हसत होते. माझ्याच हातच्या पाटीखाली उभं राहून हसत होते."

"उद्या रविवार. मी नेते वर."

"तू?"

"मी. तू शेजारी बसायचं. टाकीपर्यंत न थांबता, न उकळता, कोणाचा हात न लागता गेली तर बदक शेडमध्येच राहील आणि हॉटेलवाल्याने माती कुंडीत घालायची. नाही गेली तर सोमवारी ट्रकला दोर मी स्वतः बांधीन."

दादाने उस्तादाकडे बघितलं. उस्तादाने खांदे उडवले. "आत्या, शिलाई मशीन नव्हे ते."

"ठाऊक आहे. शिलाई मशीन कुरकुरलं तर बायका माझ्याकडे आणतात. इंजिन कुरकुरलं की तुम्ही त्याचं वय काढता."

"ठरलं," दादा म्हणाला, आणि जाता जाता फळीवरचं एक मशीन सरळ करून गेला.

आता यात एक गोम होती, आणि ती आत्याला एकटीलाच बोचत होती. टायमिंग तिने जन्मात लावलं नव्हतं. अण्णांनी लावूच दिलं नव्हतं. उस्ताद तेव्हा शेडमध्ये काम शिकायला यायचा, त्याला त्यांनी इंजिन शिकवलं. हिच्या हातात दिवा दिला. "धर नीट, हलवू नकोस." पुढे शेजारणींची शिलाई मशीनं यायला लागली तेव्हा अण्णांनी ती हिच्या पुढ्यात सरकवली, मुख्य म्हणजे पायात पायात येऊ नये म्हणून. ती त्यातच तरबेज झाली. पण दिवा धरून धरून तिने बघितलं सगळं होतं. अण्णा पुलीवरची खूण खुंटीसमोर आणायचे आणि म्हणायचे, "आता बोल." मग इंजिन बोलायचं. खूण नेमकी कशी दिसायची ते मात्र तिला दिसलं नव्हतं. दिवा तिच्या हातात, आणि अण्णांचं डोकं मध्ये.

दोघं गेल्यावर ती पुन्हा मशीनसमोर बसली. जीभ गप्प, हात चालू. शिंपीणबाईला वाटलं, आता लवकर होईल.

"बघ आता," आत्या स्वतःशीच बोलावं तशी बोलायला लागली. "सुई खाली जाते. अगदी तळाला गेली की परत फिरते. फिरता फिरता धाग्याचा एवढासा फुगा होतो. त्याच क्षणी हुकाच्या चोचीने तो धरला पाहिजे. उशीर झाला की फुगा गेला. चोच येते, रिकामी फिरते, टाका सुटला. हुकाला वाटतं आपण काम केलं. खुणेलाही तसंच वाटतं. म्हणून खुणेला विचारायचंच नाही. सुईलाच विचारायचं, बाई तू कुठे आहेस..."

ती थांबली. हात चाकावर तसाच. तोंड अर्धं उघडं.

"काय झालं?" शिंपीणबाईने विचारलं.

"आपण कोणी सुईला विचारलंच नाही."

"कोणत्या सुईला?"

आत्या उठली, पेचकस खिशात खुपसला आणि मागच्या दाराने निघाली.

"अगं माझं मशीन!"

"तिथेच असू दे! हात लावू नकोस! आणि तुझ्याकडे तो कटिंगचा पातळ कागद असतो ना, तो घेऊन ये!"

अंगणात वहिनी, दादाची बायको, उन्हाला पाठ करून विणत बसली होती. आत्याने जाता जाता तिच्या हातातलं विणकाम उचललं आणि लोखंडी सुई सर्रकन ओढून काढली. टाके सुटून लोकर मांडीवर घसरली.

"अहो वन्सं! बाहीपर्यंत आले होते मी!"

"परत घाल. चल, इंजिनाचं हँडल फिरवायला ये."

वहिनी बडबडत उठली. पण उठली. या घरात बदक जाऊ नये असं वाटणारी ती दुसरी. तिचा थोरला त्याच मागच्या सीटवर जन्मला होता.

बॉनेट उघडल्यावर इंजिन खरोखर आरशासारखं दिसलं. दादाने हिरवा रंग असा दिला होता की त्यात वहिनीने केस सारखे केले. पुढे, पंख्याच्या खाली, पुली. तिच्या कडेवर एक पांढरी रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. तिच्या वरच्या अंगाला इंजिनाच्या धडाला जोडलेली लोखंडी खुंटी.

आत्याने सगळे प्लग काढले. इंजिनाचा ताठा गेला, आता हँडल एका हाताने फिरेल. "पहिल्या भोकावर अंगठा ठेवते. तू फिरव. सावकाश."

वहिनीने फिरवलं. भोकातून काही नाही. आणखी फिरवलं. एकदम फुस्स करून आत्याचा अंगठा वर उडाला.

"हां! पिस्टन वारा दाबत वर येतोय. ठिणगीची पाळी हीच. थांब." तिने विणायची सुई भोकातून आत सोडली. सुई पिस्टनच्या टाळूवर उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. "आता अगदी मुंगीच्या पावलाने."

सुई वर यायला लागली. दोघी श्वास धरून बघत होत्या, आणि आता कागद घेऊन आलेली शिंपीणबाईही. सुई वर आली, वर आली, आणि मग वर येईना. हँडल फिरत होतं आणि सुई जागच्या जागी.

"हा बघ माथा," वहिनी म्हणाली.

"माथा आळशी असतो. तिथे पिस्टन लोळतो जरा, कळत नाही नेमका कुठे. थांब, फसवायचं नाही स्वतःला." आत्याने हँडल मागे घेऊन पुन्हा पुढे आणायला लावलं. सुई माथ्याच्या थोडी खाली असताना सुईवर नखाने खूण धरली, आणि पुलीवर खुंटीसमोर खडूने टिंब केलं. मग माथा ओलांडून सुई उतरता उतरता पुन्हा त्याच नखावर आली, तिथे दुसरं टिंब. दोन टिंबांच्या बरोबर मध्ये तिसरं. "हा खरा माथा. आता हे मधलं टिंब खुंटीसमोर आण."

वहिनीने आणलं. तिघी वाकून बघायला लागल्या.

पांढरी रेघ खुंटीसमोर नव्हती. ती अजून यायचीच होती. दोन बोटं मागे, खालच्या बाजूला, इस्त्री केल्यासारखी सरळ उभी.

"म्हणजे?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे पिस्टन वर येऊन, वाट बघून, परत खाली निघाला की मग ठिणगी पडते. पाहुणे जेवून उठल्यावर ताटं मांडायची तसं. सगळी आग सायलेन्सरच्या गळ्यात. म्हणून तो लाल. म्हणून पाणी उकळतं."

"पण रेघ तर मामंजींची."

अण्णांच्या चुका तिला पाठ होत्या, आणि त्यांत ही नव्हती. असल्या रेघेवर अण्णांनी उभी हयात गाडी टेकडीवर चढवली असती कशी? तिने बोट पुलीच्या कडेवरून सावकाश फिरवलं, जसं कापडावर गाठ शोधतात. मधल्या टिंबाच्या जरासं पलीकडे बोट थांबलं. रंग तिथे सारखाच होता, चमकही तीच. पण बोटाला थंड लोखंड लागत नव्हतं.

तिने पेचकसाचं टोक घातलं आणि खरवडलं. रंग निघाला. रंगाखालून पांढरी भुकटी निघाली.

"पुट्टी," वहिनी म्हणाली. आणि मग दोन्ही हात तोंडावर नेऊन म्हणाली, "अगं बाई."

पुट्टीखाली छिन्नीचा घाव होता. तिरपा, ओबडधोबड, खोल. एका फटक्यात मारलेला. माथ्याच्या किंचित अलीकडे ठिणगी पडावी म्हणून अण्णांनी ठेवलेली खाच.

सगळं उलगडलं. पेंटर माणूस रंग द्यायच्या आधी काय करतो? खड्डे बुजवतो. दादाने पुली घासली, कडेवर एक भला मोठा खड्डा दिसला, तो त्याने मायेने पुट्टीने भरला, पॉलिशपेपरने घासला, वर रंग दिला. शेजारी पसरलेला पांढरा जुना डाग दिसला होता, म्हणजे इथे रेघ असावी एवढं त्याच्या लक्षात राहिलं. मग त्याने जिथे ती शोभेल तिथे, पुली उभी होती त्या जागी मधोमध, नवी कोरी सरळ रेघ मारून दिली. तोवर गाडी ठीक होती. पुढे उस्तादाने ठिणगी पाडणारे नवे पॉइंट घातले, टायमिंग नव्याने लावलं, आणि आपल्या गुरूची रेघ समजून दादाच्या रेघेला हात जोडले. तेव्हापासून बदक आजारी. पॉइंटना दोष दिला, पेट्रोलला दिला, शेवटी वयाला दिला. रेघेला कोण देणार?

वहिनी हसायला लागली. हसता हसता मडगार्डवर बसली. "माझ्याही घरात असंच करतात हो. मी भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. पुसून एका ओळीत आणल्या!"

"गप्प. हे उद्यापर्यंत तुझ्या पोटात राहू दे."

मग आत्याने पहिल्यांदा, कोणी दिवा धरायला लावलेला नसताना, टायमिंग लावलं. इंजिन मागे नेलं आणि पुढे आणत आणत खाच खुंटीसमोर थांबवली. कायम पुढे येतानाच थांबायचं. मागे येताना थांबलं तर दात्यांतला ढिलेपणा खोटं बोलतो. शिलाई मशीनचं चाकही आपल्याकडेच फिरवायचं असतं, उलटं नाही. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं. आतले दोन पॉइंट, नखाएवढे, मिटलेले. त्यांच्यात शिंपीणबाईच्या पातळ कागदाची पट्टी अडकवली. हे पॉइंट उघडले की त्याच क्षणी ठिणगी. आत्याने पट्टी दोन बोटांत हलकेच ताणून धरली आणि दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्यूटर मुंगीच्या पावलाने फिरवायला लागली. कागद अडकलेला, अडकलेला, अडकलेला. आणि मग लोण्यातून सुरी निघावी तसा सुटला.

"आता बोल," ती म्हणाली आणि स्क्रू आवळला.

प्लग घातले. वहिनीने हँडलला पहिलाच हिसका दिला आणि बदक बोललं. आधीचं ते दम्याचं खोकणं नाही. जाड, गोल, पोटातून आलेलं. पत्र्याच्या भिंतीला टांगलेले पाने थरथरायला लागले. शिंपीणबाईला मशीनची आठवण झाली ती तेव्हा कुठे, आणि आत्या म्हणाली, "उद्या. आज माझे हात याच्या वासाचे आहेत."

रविवारी सकाळी बदक गल्लीत निघालं. आत्या स्टिअरिंगवर, दादा शेजारी, मागे वहिनी, शिंपीणबाई आणि दोघींच्या मध्ये चेपलेला उस्ताद, मांडीवर पाण्याचा मोठा कॅन घेऊन. मागून हॉटेलवाला आपल्या मोटरसायकलवर, आधीच ट्रकवाल्याशी फोनवर बोलत.

"कॅन कशाला?" आत्याने आरशातून विचारलं.

"रेडिएटरला. सलूनपाशी लागेलच."

"धर घट्ट. सांडलास तर सीट पुसायला लावीन."

शाळेची भिंत गेली. पूल गेला. चढ सुरू झाला. दादाची नजर बॉनेटच्या टोकाला, रेडिएटरच्या टोपणावर बसवलेल्या उष्णतेच्या काट्यावर. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं एका ओळीत.

सलूनच्या वळणावर बाकावरच्या रिकामटेकड्यांनी बदक येताना पाहिलं. ते उठले. बाह्या सरसावल्या. एक जण तर रस्त्यात येऊन वाकून उभाही राहिला, गाडी थांबेल तिथे खांदा लावायला. "या, या! कुठून ढकलायचं?"

आत्याने दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. बदकाने मान खाली घातली आणि ओढ घेतली, अशी की मागच्या तिघांच्या पाठी सीटला चिकटल्या. वाकलेल्या माणसाला सरळ व्हायलाही वेळ मिळाला नाही, तो बाजूला उडी मारून गटाराच्या कठड्यावर बसला. आत्याने रबरी फुगा दाबला. प्याँक!

"बदकाने बघितलं रे तुझ्याकडे!" बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळे टाळ्या पिटायला लागले.

"काटा," दादा म्हणाला.

"काय झालं काट्याला?"

"हललाच नाही."

उस्ताद मागून पुढे वाकला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो काट्याकडे बघत नव्हता, ऐकत होता. "हा आवाज," तो हळूच म्हणाला, "हा अण्णांचा आवाज आहे. आत्या, काय केलंस?"

"मशीन दुरुस्त केलं. शिलाईचं."

उरलेल्या चढावर फक्त बदक बोलत होतं. दवाखान्याच्या दारापाशी एक नर्स भिंतीला टेकून उभी होती, तिने उगाचच हात हलवला, आणि वहिनीने तो असा स्वीकारला की जणू तिच्यासाठीच रस्ता सजवला होता. शेवटचा चढ सर्वांत उभा. तिथे आत्याने गिअर बदललाच नाही. टाकीखालच्या सपाटीवर गाडी आणली, थांबवली, इंजिन बंद केलं. वाफ नाही, धूर नाही. फक्त तापलेल्या लोखंडाची बारीक टिकटिक.

उस्तादाने कॅनकडे बघितलं. कॅन काठोकाठ भरलेला. त्याने टोपण काढलं, आधी आत्याला पाणी दिलं, मग वहिनीला, मग सगळेच ओंजळीने थोडंथोडं प्यायले. हॉटेलवाला मोटरसायकल ढकलत वर पोचला, शेवटच्या चढावर तिलाच दम लागला होता.

"घे," आत्याने कॅन पुढे केला. "तुझ्या रेडिएटरला."

"मग माझ्या फुलझाडांचं काय?"

"कुंडीत लाव. आणि ट्रकवाल्याला फोन कर, बिचारा सकाळी लवकर उठेल."

"पाट्यांचं बघू मग," हॉटेलवाला दादाला म्हणाला.

"पाटीला गाडी लागत नाही," वहिनी म्हणाली. "रंग लागतो."

दादाचं लक्ष नव्हतं. त्याने बॉनेट उघडलं होतं. काय बदललं ते शोधत होता. डोळा पेंटरचा, त्यामुळे क्षणात सापडलं.

"हे कोणी खरवडलं?"

"मी."

"तिथे खड्डा होता. मी तासभर बसून बुजवला होता."

"खड्डा नव्हता, दादा. तीच अण्णांची खूण."

दादाने खाचेकडे बघितलं, मग दोन बोटं मागच्या आपल्या रेघेकडे. हळूहळू त्याचे कान लाल झाले. उस्तादाला कळायला आणखी जरा वेळ लागला. कळल्यावर तो मटकन कठड्यावर बसला. "म्हणजे मी... तीनतीनदा... तुझ्या रेघेला? मी तुझ्या पुट्टीच्या पाया पडत होतो?" आणि मग तो जो हसायला लागला तो शिंपीणबाईने पाठीत धपाटा घातल्यावरच थांबला.

दादाने बोटाने आपली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. शेवटी म्हणाला, "पण रेघ सरळ होती."

"सरळच होती. तुझ्यासारखी. घरी चल आणि ब्रश घे."

घरी आल्यावर दादाने ब्रश घेतला. आधी स्वतःची रेघ रॉकेलच्या बोळ्याने पुसली. मग खाचेवर वाकला आणि थांबला.

"वाकडी आहे ही."

"वाकडीच काढ."

"जरा सरळ करून घेतली तर..."

"दादा!"

दात आवळून, श्वास रोखून, साऱ्या गावाला सरळ करणाऱ्या माणसाने अण्णांच्या छिन्नीच्या घावात पांढरा रंग भरला, तिरपाच्या तिरपा. काढून झाल्यावर डोळे मिटून बाजूला झाला. वहिनी म्हणते, त्यानंतर तो आत जाऊन सगळ्या खोल्यांतले पडदे सरळ करून आला.

आत्याने वाकून बघितलं, मान हलवली, बॉनेट लावलं आणि हात शर्टाला पुसत पुढच्या खोलीत गेली. शिंपीणबाई आधीच स्टुलावर येऊन बसलेली.

"आज तरी?"

"आजच," आत्या म्हणाली. तीन स्क्रू तोंडात टाकले, मशीनचं चाक स्वतःकडे फिरवलं, सुई तळाला नेली आणि केसभर वर आणली. "हात काढ आधी."